ज्यांच्यावर अहवाल लिहिले, त्यांच्या हाती

उन्हाळ्यात ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या शिवारात धूर उठू लागला, की राब भाजायला सुरुवात झाली असे समजायचे. भाताचे रोप जिथे वाढवायचे त्या तुकड्यावर शेण, झाडांची कवळे, पातेरा आणि गवत यांचे थर द्यायचे, वर माती टाकायची आणि सगळे पेटवून द्यायचे. भाजलेल्या जमिनीत पावसाच्या तोंडाशी बी पडते. रोप जोमदार आले तर लावणी नीट होते आणि लावणी नीट झाली तरच कणगीत भात पडते.

१८७८च्या वनकायद्यानंतर या राबावरूनच सरकार आणि शेतकरी समोरासमोर आले. कवळ तोडणे म्हणजे रानाची नासाडी, असे वनखात्याचे म्हणणे. कवळ नाही तर भात नाही, असे शेतकऱ्यांचे. तंटा इतका चिघळला की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील वनव्यवस्थेच्या चौकशीसाठी मुंबई सरकारला १८८५ साली आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला आणि चिखलात उभ्या असलेल्या माणसाची अडचण धोरणाचा प्रश्न म्हणून कागदावर आली. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाचा शास्त्रीय अभ्यास केला. तो १९१२ साली प्रसिद्ध झाला. वनखात्याला खटकणारी ही रीत आता प्रयोगशाळेत तपासण्याजोगी ठरली होती.

मात्र राब ज्याच्या शेतात भाजला जाई आणि तो जो भाजे, ते दोघे पुष्कळदा वेगळे असत. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्यातली कितीतरी कुटुंबे कर्जाने आणि वेठीने बांधलेली होती. बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ १९३७ साली मुंबई प्रांतात सत्तेवर आले. त्याच काळात आय.सी.एस. अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी आदिवासींच्या स्थितीची चौकशी केली. १९३५च्या कायद्याखाली ‘अंशतः वगळलेले’ ठरवलेले प्रदेश हे तिचे क्षेत्र होते. ठाणे जिल्ह्यातून त्या यादीत डहाणू आणि शहापूर हे तालुके, तसेच मोखाडा आणि उंबरगाव हे पेटे होते.

मुरबाड या यादीत नव्हते. हद्दीपलीकडे तेच ठाकूर, तेच कातकरी राहत होते, पण चौकशी कुठवर पोचायची हे तालुक्याच्या सीमेने ठरवले.

सिमिंग्टन यांनी जे नोंदवले ते आजही वाचवत नाही. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेतलेला तरुण त्याचा गडी होई. बायकोही त्याच घरी राबे. हिशेब सावकाराच्या वहीत आणि वही वाचता न येणाऱ्याच्या माथी कर्ज, त्यामुळे फेड कधी पुरी होतच नसे. याला नाव होते लग्नगडी. त्याखेरीज वेठ होतीच. बोलावणे आले की स्वतःचे शेत टाकून जायचे, नाही गेले तर मार खायचा. हे सारे एका सरकारी अधिकाऱ्याने लिहिल्यामुळे कोणाला ते नाकारता येईना.

नोव्हेंबर १९३९मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. खेरांनी १९४० साली आदिवासी सेवा मंडळ काढले. वेठ मोडली ती मात्र ज्यांच्यावर लादली होती त्यांच्याच नकाराने. जानेवारी १९४५मध्ये शहापूर-मुरबाडशेजारच्या कल्याण तालुक्यात, टिटवाळ्याला, किसान सभेची परिषद भरली. तिथून परतलेल्या वारल्यांनी उंबरगाव-डहाणूत वेठ आणि लग्नगडीची पद्धत बंद पाडली.

त्या लढ्याचे नेतृत्व करणारे शामराव आणि गोदावरी परुळेकर आधी नामदार गोखल्यांनी १९०५ साली स्थापलेल्या भारत सेवक समाजात होते. गोदावरीबाई तर समाजाच्या पहिल्या आजीव महिला सदस्य. याच समाजाला रावबहादूर काळे यांनी दिलेल्या देणगीतून १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. एकाच घरातून अभ्यासाची आणि संघटनेची अशा दोन वाटा निघाल्या. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी १९४८च्या कुळकायद्याची अंमलबजावणी संस्थेतर्फे तपासली. १९५७ साली आलेल्या त्यांच्या अहवालाने दाखवून दिले, की कुळांनी ‘राजीखुशीने’ सोडलेल्या जमिनींमागे बऱ्याचदा राजीखुशी नव्हतीच. कायदा पुस्तकात होता, पण जमीन कुळाच्या हातून जातच होती.

वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. तरीही १९८२ साली स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेला ठाणे जिल्ह्यात वेठबिगार शोधून त्यांना सोडवावे लागले.

पाहणीची रीत खऱ्या अर्थाने बदलली ती २००७ साली. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. ठाणे त्यांतला एक जिल्हा होता आणि मुरबाडमध्येही काम सुरू झाले. पुण्याची ‘साथी’ ही अभ्याससंस्था राज्यपातळीवर समन्वय करत होती, पण प्रश्न विचारणारे गावकरीच होते. नर्स गावात येते का, औषध मिळते का, पैसे मागितले जातात का? उत्तरे हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत प्रगतिपुस्तकावर मांडली जात आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचली जात. ज्यांची पाहणी होत आली होती, तेच पाहणी करू लागले.

हाच बदल २००६च्या वनहक्क कायद्यात आणि त्याच्या नियमांत उतरला आहे. दाव्याला पुरावा म्हणून गॅझेटियर, वनचौकशीचे अहवाल आणि सरकारी समित्या-आयोगांचे अहवाल चालतात. आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. म्हणजे १८८७च्या आयोगाचे आणि सिमिंग्टन यांचे कागद आज शहापूरच्या एखाद्या वाडीला स्वतःच्या बाजूने मांडता येतील.

ते कागद इंग्रजीत लिहिलेले आहेत. त्यांतले शहापूर-मुरबाडपुरते उतारे मराठीत आणून वनहक्क समित्यांच्या हाती देणे, हे आजच्या अभ्याससंस्थांनी अंगावर घेण्याजोगे काम आहे. ते लवकर व्हायला हवे, कारण वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घेताना त्यांच्याशेजारी हे उतारे ठेवता आले, तर दाव्याला दुहेरी आधार मिळेल.