युरियासोबत लिंकिंग, सॉफ्टवेअरसोबत टूलबार



खरीप आला की शेतकऱ्यांच्या तोंडी एक शब्द असतो : लिंकिंग. भाताला युरिया हवा असतो. दुकानदार म्हणतो, युरिया मिळेल, पण सोबत ही दुसरी बाटलीही घ्यावी लागेल. बाटली नको असते, पण युरियावाचून अडलेलं असतं, म्हणून माणूस मुकाट पैसे मोजतो. घरच्या कंप्युटरवर हेच लिंकिंग गेली वीस-पंचवीस वर्षं चाललं आहे. फरक एवढाच, की इथे दुकानदार दिसत नाही आणि बोंब झाल्यावर उत्तर मिळतं, ‘ओके तुम्हीच दाबलंत ना?’

लक्षणं सगळ्यांना माहीत आहेत. एखादा पीडीएफ कन्व्हर्टर नाहीतर प्रिंटरचा ड्रायव्हर डाउनलोड केला. दुसऱ्या दिवशी ब्राउझर उघडला तर पहिलं पान भलतंच, सर्च भलतंच, कोपऱ्यात जाहिरातींचा रतीब. कुठलंसं सॉफ्टवेअर सांगतं, तुमच्या पीसीत शेकडो एरर आहेत, पैसे भरा. दुकानात नेला की निकाल ठरलेला : ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ बॅकअप नसेल तर त्या फॉरमॅटमध्ये मुलांचे फोटो, दहावीच्या मार्कशीटचं स्कॅन, सातबाऱ्याच्या पीडीएफ, सगळं जातं. बहुतेक वेळा त्याची गरजच नसते.

हे सुरू कसं झालं ते बघू. 2000 च्या आसपास इंटरनेटवर ‘फुकट’ सॉफ्टवेअरचा सुकाळ झाला. काझामधून गाणी उतरवायची, तर त्यासोबत जाहिराती दाखवणारे प्रोग्रॅम गुपचूप यायचे. बॉन्झीबडी नावाचा जांभळा गोरिला स्क्रीनवर नाचायचा, मुलांना तो फार आवडायचा. लहान मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केली म्हणून 2004 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्याच्या कंपनीकडून 75,000 डॉलर वसूल केले.

मग मोठ्या कंपन्या यात उतरल्या. 2005 मध्ये सन कंपनीने जावासोबत गुगल टूलबार देण्याचा करार केला. पुढे सन ओरॅकलकडे गेली आणि जावाच्या इन्स्टॉलरमध्ये आस्क टूलबार आला, तोही चौकटीत बरोबरची खूण आधीच मारून. आता जावा कोणाला लागायचं? ई-टेंडर भरताना डिजिटल सही करायला जावा लागायचंच. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला, त्या काळात टेंडर भरणाऱ्या आपल्या ठेकेदारांचं, तारापूर एमआयडीसीत कागदपत्रं सांभाळणाऱ्या लेखापालांचं काम जावावाचून अडत होतं. सरकारी कामासाठी जे घ्यावंच लागतं, त्याच्या शेपटाला टूलबार. याला लिंकिंग नाहीतर काय म्हणायचं? शेवटी 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने आस्क टूलबारच्या जुन्या आवृत्त्या ‘नको असलेलं सॉफ्टवेअर’ म्हणून जाहीर केल्या.

डाउनलोडच्या नावाजलेल्या साइटही मागे नव्हत्या. 2011 मध्ये सीनेटच्या डाउनलोड डॉट कॉमने एनमॅप या मोफत सॉफ्टवेअरला स्वतःचं वेष्टन चढवून त्यात टूलबार घातला. एनमॅप बनवणाऱ्याने जाहीर बोंब मारली. चित्रं बनवायचं गिंप हे सॉफ्टवेअर अशाच प्रकाराला वैतागून 2013 मध्ये सोर्सफोर्जवरून बाहेर पडलं. 2016 मध्ये सोर्सफोर्ज नव्या मालकांकडे गेली, तेव्हा त्यांनी हा धंदा बंद केला.

काही वेळा तर नव्याकोऱ्या मशीनमध्येच घाण होती. लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं जाहिरातीचं सॉफ्टवेअर कारखान्यातूनच येत होतं. ते बँकेच्या सुरक्षित पानाच्याही मध्ये घुसायचं. सगळ्या लॅपटॉपवर त्याची किल्ली एकच, म्हणजे ती ज्याच्या हाती लागली त्याला त्याच वायफायवरचं तुमचं बँकेचं काम चोरून बघण्याची वाट मोकळी. फेब्रुवारी 2015 मध्ये हे उघड झालं. 2017 मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या 32 राज्यांशी 35 लाख डॉलर देऊन तडजोड केली.

भारताचा नंबर यात कुठे? जून 2017 मध्ये चेक पॉईंट या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’चा अहवाल दिला. मोफत सॉफ्टवेअरला चिकटून येणारा, ब्राउझर ताब्यात घेणारा हा प्रोग्रॅम. जगात 25 कोटी मशीन, त्यातली 2 कोटी 53 लाख भारतात, असा त्यांचा अंदाज. मायक्रोसॉफ्टने तो आकडा फुगवलेला आहे असं सांगितलं. आकडा कमी धरला तरी मोफत डाउनलोडवर चालणारा आपला देश त्यांचं मोठं गिऱ्हाईक होता, हे दिसतंच.

यात पैसा कसा, तर हिशेब सोपा आहे. तुमच्या मशीनवर एक प्रोग्रॅम घुसवला की घुसवणाऱ्याला कमिशन. 2016 मध्ये गुगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अभ्यासकांनी हा बाजार तपासला, तेव्हा एका इन्स्टॉलचा भाव 10 सेंटपासून दीड डॉलरपर्यंत निघाला.

मग अँटीव्हायरस काय करत होता? मराठी माणसाला हा विषय नवा नाही. रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. त्यांनी आणि भाऊ संजय यांनी 1995 च्या सुमारास अँटीव्हायरस बाजारात आणला, तोच पुढे क्विक हील. पण व्हायरस न विचारता येतो. टूलबार मात्र कागदोपत्री तुमची परवानगी घेऊन येतो. त्याला व्हायरस म्हटलं तर त्याची कंपनी कोर्टात जायची धमकी देते. म्हणून अँटीव्हायरसवाल्यांना ‘नको असण्याची शक्यता असलेलं’ असा तिसराच खाना काढावा लागला. विंडोजमध्येही हा अडसर आहे, तो चालू आहे ना एवढं बघा. विंडोज सिक्युरिटीत ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये सापडेल.

आता साफसफाई. घाई करू नका, क्रम पाळा.

1. आधी फोटो आणि कागदपत्रं पेन ड्राइव्हवर घ्या.

2. सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी उघडून ती इन्स्टॉलच्या तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्याच दिवशी काय काय आलं ते बघा. चिकटून आलेले बहुधा एकाच तारखेला ओळीने सापडतात. नाव ओळखीचं नसेल तर आधी शोधून वाचा, मग काढा. प्रिंटर, साउंड, ग्राफिक्सचे ड्रायव्हर उडवू नका.

3. ब्राउझरची एक्स्टेन्शन, होमपेज आणि सर्च इंजिन तपासा. कुठल्या साइटना नोटिफिकेशनची परवानगी दिली आहे तेही बघा. कोपऱ्यातल्या जाहिराती पुष्कळदा तिथूनच येतात.

4. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. टार्गेटच्या ओळीत शेवटी एखाद्या अनोळखी साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढा पुसा.

5. टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप बघा. अनोळखी असेल ते बंद करा.

6. एवढं करून मालवेअरबाइट्सचं मोफत ॲडडब्ल्यूक्लीनर एकदा फिरवा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावरही 2017 पासून मोफत साधनं आहेत.

पुढच्या वेळी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्या. ‘एक्सप्रेस’ सोडून ‘कस्टम’ निवडा आणि प्रत्येक पानावरची खूण वाचा.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, आता कायदा थोडा तरी आपल्या बाजूला आला आहे. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या 13 प्रकारांत संबंध नसलेलं ॲप घ्यायला भाग पाडणं येतं, फसव्या खिडक्या दाखवून मालवेअर गळ्यात मारणंही येतं. त्याच वर्षीच्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीची व्याख्या आहे : मोकळी, नेमकी, अटीविना आणि स्वतःच्या कृतीने दिलेली. दुसऱ्याने आधीच मारून ठेवलेली खूण या व्याख्येत बसत नाही. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930.

इतकी वर्षं सगळं खापर वापरणाऱ्यावर फुटलं. घरात मुलावर ओरडलो, ऑफिसात ऑपरेटरवर. ती खूण मारणारा मात्र कमिशन घेऊन नामानिराळा राहिला. तेव्हा पुढच्या वेळी दुकानदार ‘फॉरमॅट मारू का?’ म्हणाला तर आधी त्याला विचारा : दादा, इन्स्टॉलची यादी तारखेने लावून बघितलीत का?