कोतोचा वाढदिवस आणि कराची मुदत

फेब्रुवारी उजाडला की तोक्योतल्या कितीतरी मराठी घरांत एक ठरलेला संवाद ऐकू येतो. ‘अरे, पुण्याच्या फ्लॅटच्या भाड्याचे कागद सापडले का?’ उत्तर येतं, ‘बघतो रविवारी.’ तो रविवार काही लवकर उगवत नाही. १५ मार्च मात्र वेळेवर येतो.

१५ मार्च ही जपानमध्ये वैयक्तिक आयकराचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख. या अर्जाला इथे ‘काकुतेइ शिन्कोकु’ म्हणतात. योगायोग असा की आपल्यापैकी अनेकजण ज्या कोतो वॉर्डात राहतात, त्याचा वाढदिवसही १५ मार्चच. १५ मार्च १९४७ रोजी फुकागावा आणि जोतो हे दोन जुने वॉर्ड एकत्र करून कोतो तयार झाला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, एप्रिल १९४७ पासून, जपानमध्ये स्वयं-आकारणीचा आयकर सुरू झाला. आज आपण ज्या अर्जावर चिडतो तो अर्ज आणि आपला वॉर्ड, दोघंही एकाच वर्षाची लेकरं. त्या वर्षी काय घडलं हे कळलं, की आजच्या चिडचिडीचा उगमही कळतो.

आधी चिडचिड कशाची ते बघू. आपल्याला सवय असते बिल घरी येण्याची. विजेचं येतं, पाण्याचं येतं, घरपट्टीचं येतं. इथे आयकराचं बिल येतच नाही. वर्षभराचं उत्पन्न आपणच मांडायचं, वजावटी आपणच शोधायच्या, कर आपणच काढायचा आणि त्याच मुदतीत आपणच भरायचा. अर्ज पाठवल्यावर ‘एवढे भरा’ असं पत्र कर कार्यालयाकडून येत नाही. पत्राची वाट बघत बसलात, तर पुढे येतं ते थेट थकबाकीचं पत्र, उशिराच्या आकारासकट. सरकारी कारकुनाचं काम आपल्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसलेलं असतं.

पूर्वी असं नव्हतं. एदो काळात जपानमध्ये कर ठरायचा तो अख्ख्या गावावर. गावाने मिळून इतकं भात द्यायचं, कोणाच्या वाट्याला किती ते गावाने आपसात बघायचं. ऐकताना ओळखीचं वाटलं असेल. पेशवाईतही पाटील मामलेदारासमोर बसून गावाची जमा ठरवायचा आणि कुलकर्णी ती वहीत मांडायचा. नंतर दोन्हीकडे सरकारने गावाला बाजूला सारून थेट माणसाला गाठलं. आपल्याकडे १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी शेत-शेत मोजून सारा बांधला. जपानमध्ये १८७३ च्या सुधारणेने जमिनीच्या किमतीच्या ३ टक्के कर रोखीत, मालकाच्या नावावर बसला. शेतकऱ्यांनी उठाव केले, तेव्हा १८७७ मध्ये तो अडीच टक्क्यांवर आणावा लागला.

आयकर भारतात जपानच्या आधी आला. १८५७ च्या उठावाचा खर्च भरून काढायला जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये तो आणला. जपानमध्ये तो १८८७ मध्ये आला, आणि तोही वर्षाला ३०० येनच्या वर उत्पन्न असलेल्या मोजक्या श्रीमंतांपुरता. त्यांनी आपलं उत्पन्न कळवायचं, पण अंतिम आकडा त्यांचा नसायचा. त्यासाठी स्थानिक चौकशी समिती असे आणि शेवटचा शब्द सरकारचा. नागरिकाने माहिती द्यायची, सरकारने कर ठरवायचा, ही वाटणी पुढची ६० वर्षं टिकली. मधे १९४० मध्ये, युद्धाच्या खर्चासाठी, पगारातून कर कापून घेण्याची पद्धत आली. कंपनीच आपला कर भरते, ही आज पगारदारांना मिळणारी सोय त्या युद्धाची देणगी आहे.

मग आली मार्च १९४५ ची ती रात्र. ९ आणि १० मार्चच्या मधल्या काही तासांत अमेरिकी विमानांनी टाकलेल्या आगबॉम्बनी तोक्योचा पूर्व भाग जाळून टाकला. सुमारे १ लाख माणसं गेली. फुकागावा आणि जोतो हे सर्वांत जास्त होरपळलेल्या भागांपैकी होते. कितासुनामध्ये या हल्ल्याची आठवण जपणारं छोटं संग्रहालय आहे, मुलांना घेऊन एकदा जरूर जा. दोन वर्षांनी हे दोन वॉर्ड एकत्र झाले, तेव्हा घरं नव्हती, दुकानं नव्हती. दुकानांच्या हिशोबाच्या वह्या कुठून असणार?

अशा लोकांच्या हातात १९४७ मध्ये स्वयं-आकारणीचा अर्ज पडला. कल्पना सुंदर होती. नव्या राज्यघटनेचं ते वर्ष. लोकशाहीत नागरिक आपला कर आपण ठरवतो आणि सरकार त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो, असा विचार होता. जुन्या चौकशी समित्या रद्द झाल्या. पण व्यवहारात काय झालं? तेव्हाच्या नियमाप्रमाणे, संपलेल्या वर्षाचं नव्हे, चालू वर्षाचं उत्पन्न आधीच अंदाजून कळवायचं होतं. महागाई अशी की महिन्याभरात भाव पालटायचे. वर्षाच्या सुरुवातीला आपण वर्षभरात किती कमावू हे मासळीवाल्याने कसं सांगावं? लोकांनी कमी आकडे लिहिले. काहींनी मुद्दाम, बहुतेकांनी भीतीपोटी किंवा अज्ञानाने.

सरकारचाही त्यांच्यावर विश्वास नव्हता. अमेरिकी ताबा प्रशासनाला महसूल हवा होता, म्हणून प्रत्येक कर कार्यालयाला वसुलीचं लक्ष्य ठरवून दिलं जाई. लक्ष्य गाठायचं म्हणून अधिकारी वह्या न बघताच, दुकानाच्या रुंदीवरून किंवा धंद्याच्या प्रकारावरून आकडे वाढवत. दुसऱ्याची करचुकवेगिरी कळवणाऱ्याला बक्षीस देण्याची पद्धतही १९४७ मध्ये आली. शेजाऱ्याने शेजाऱ्याची चहाडी करावी, आणि तीही जळालेल्या वस्तीत, जिथे लोक एकमेकांच्या आधारावर उभे राहत होते. ती पद्धत पुढे बंद झाली हे बरंच झालं. १९४९ मध्ये कराचा सर्वांत वरचा दर ८५ टक्के होता. नावाला ‘स्वयं-आकारणी’ होती. आकडा मात्र पूर्वीसारखा सरकारच ठरवत होतं.

याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. १ जून १९४९ ला राष्ट्रीय कर संस्था स्थापन झाली. आणि मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक कार्ल शूप आपल्या सहकाऱ्यांसह जपानला आले. ते कर कार्यालयांत गेले, देशभर फिरले, कर भरणाऱ्यांशी बोलले. त्यांच्या अहवालाने लक्ष्य ठरवून केलेल्या वसुलीवर सडकून टीका केली आणि वरचा दर ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणायला सुचवलं. त्यातली एक शिफारस मात्र आजही आपल्या रोजच्या उपयोगाची आहे. ती म्हणजे ‘आओइरो शिन्कोकु’, निळा अर्ज.

१९५० पासून सुरू झालेला हा सौदा सरळ होता. व्यावसायिकाने नियमाप्रमाणे वह्या ठेवाव्यात. त्या बदल्यात सरकार त्याला सवलती देईल आणि, मुख्य म्हणजे, त्याच्या वह्या तपासल्याशिवाय त्याचा आकडा बदलणार नाही. अधिकाऱ्याच्या अंदाजापुढे नागरिकाची वही उभी राहिली. दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तुमच्यापैकी कोणी इथे खाणावळ चालवत असेल, योगाचे वर्ग घेत असेल किंवा स्वतंत्रपणे सॉफ्टवेअरची कामं करत असेल, तर आधी परवानगीचा अर्ज देऊन निळा अर्ज निवडता येतो. दुहेरी नोंदीची वही ठेवली आणि अर्ज ऑनलाइन भरला, तर ६ लाख ५० हजार येनपर्यंतची खास वजावट मिळते.

अर्जाची मुदत सुरुवातीला ३१ जानेवारी होती. पुढे सरकत सरकत ती १५ मार्चवर येऊन थांबली. आणि कोतोत अजून एक गंमत आहे. वॉर्ड एक झाला, तरी कर कार्यालयं दोन राहिली. ओजिमा, कामेइदो, सुनामाची या जुन्या जोतो भागाचं कार्यालय कामेइदोत, तर मोन्झेन-नाकाचो, तोयोसु या बाजूचं सारुएमध्ये. १९४७ मध्ये पुसलेली सीमा करखात्याच्या नकाशावर अजून दिसते. आपला अर्ज कुठल्या कार्यालयाचा हे आधी बघून ठेवा.

आता आजची दुखणी. एकाच कंपनीचा पगार असेल, तर डिसेंबरात कंपनीच हिशोब मिटवते. पण पगाराबाहेरचं उत्पन्न वर्षाला २ लाख येनच्या वर गेलं, किंवा परदेशी मूळ कंपनीचे शेअर मिळाले, की अर्ज आपल्या गळ्यात. शिवाय परदेशी नागरिकाच्या गेल्या १० वर्षांतल्या जपानी वास्तव्याची बेरीज ५ वर्षांच्या आत असेपर्यंत, भारतातलं भाडं इथे आणलं नाही तर सहसा करात येत नाही. ५ वर्षं उलटली की तेच भाडं इथल्या अर्जात येतं, इकडे आणा किंवा आणू नका. घर तेच, भाडेकरू तोच, आणि अर्ज अचानक दुप्पट जाड. भारत आणि जपान यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार १९८९ पासून आहे, त्यामुळे भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते. पण भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च, जपानचं जानेवारी ते डिसेंबर. मार्चमध्ये इथे आकडा द्यायचा आणि भारतातलं विवरणपत्र भरायचं जुलैपर्यंत. म्हणून भाड्याची, कापलेल्या कराची आणि विनिमय दराची नोंद महिन्यागणिक ठेवा.

पैसे भरतानाही जपायला हवं. दुकानात रोखीने ३ लाख येनपर्यंतच भरता येतात. बँक खात्यातून वळते करण्याची सोय निवडली, तर पैसे एप्रिलच्या उत्तरार्धात जातात. त्या दिवशी खात्यात शिल्लक कमी पडली, तर उशिराचा आकार मूळ मुदतीच्या दुसऱ्या दिवसापासून लागतो. एकदम जमत नसेल, तर निम्मी रक्कम मुदतीत भरून उरलेली ३१ मेपर्यंत व्याजासह भरता येते. आणि रहिवासी कर वेगळा. १ जानेवारीला तुम्ही कोतोत नोंदलेले असलात, तर मागच्या वर्षाच्या उत्पन्नावरचा तो कर कोतोलाच द्यायचा, मग मार्चमध्ये तुम्ही भारतात परत का जात असेनात. नोकरी सुटली की त्याची चार हप्त्यांची बिलं घरी येतात, जून, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि जानेवारीत. या कराचं बिल मात्र खरंच येतं, आणि नेमकं तेच पाकीट न उघडता बाजूला पडतं.

हे पाकीट आता महाग पडू शकतं. कायमस्वरूपी वास्तव्याच्या अर्जात कर भरले की नाही एवढंच बघत नाहीत, वेळेवर भरले का तेही बघतात. जून २०२४ मध्ये जपानी संसदेने कायदा बदलला, आणि मुद्दाम कर न भरणाऱ्याचा कायमस्वरूपी परवाना काढून घेण्याची तरतूद त्यात आली. त्याच सुमारास, जानेवारी २०२५ पासून, कर कार्यालयांनी अर्जाच्या प्रतीवर पोहोचीचा शिक्का देणं बंद केलं. म्हणजे पुरावा मागितला जाणार, आणि तो जपण्याची जबाबदारी आपली. ऑनलाइन अर्जाची पोहोच उतरवून ठेवा, भरणा केलेल्या पावत्या तारखेसह एका फायलीत लावा.

मंडळी, १९४७ साली या भागातल्या दुकानदाराकडे वही नव्हती, म्हणून त्याचा आकडा दुसऱ्याने ठरवला. आपल्याकडे वही आहे, फोन आहे, स्कॅनर आहे. पाच वर्षांनी एखाद्या खिडकीपलीकडून ‘त्या वर्षी कधी भरलात?’ असं कोणी विचारलं, तर उत्तर आपल्या फायलीतून निघायला हवं. यंदा १५ मार्चला कोतोचा वाढदिवस आहे हे मुलांना सांगा, आणि त्याच्या आधीचा एक रविवार कागदांसाठी राखून ठेवा. पुन्हा भेटू पुढच्या भागात. नमस्कार!