पैठणचा मणी आणि माझ्या गॅलरीतलं पिंप

आजचा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी गॅलरीत जाऊन एक मोटर बंद करून आलोय. गेले चार महिने ती रात्रंदिवस गरगरतेय. आई म्हणते, "त्या पिंपापेक्षा पिठाची गिरणी बरी, निदान पीठ तरी मिळतं!"

तर त्या पिंपात दगड आहेत. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. वर्क फ्रॉम होमच्या काळात मामाच्या शेतात गेलो होतो, पैठण रोडला. नांगरटीनंतर तिथे पांढऱ्या, तांबूस गारगोट्या वर येतात. काही अकिकाचे गोटेही सापडले, आत कांद्यासारखे पदर असलेले. विहिरीच्या खोदकामातून निघालेले गुलाबी स्टिलबाइटचे तुकडेही मामाने दिले. म्हटलं, यांना पॉलिश करू. एक गिअर मोटर, पीव्हीसी पाइपचा तुकडा, दोन्ही टोकांना रबरी झाकणं. झालं आपलं रॉक टंबलर तयार.

तत्त्व अगदी सोपं आहे. नदी जे हजारो वर्षांत करते, ते पिंप काही आठवड्यांत करतं. दगड, पाणी आणि कार्बोरंडमची पूड घालायची आणि फिरवत ठेवायचं. आधी जाड पूड, मग मध्यम, मग बारीक, शेवटी पॉलिश. प्रत्येक टप्पा साधारण आठवडाभर.

पहिल्या महिन्यानंतर मी पिंप उघडलं आणि कपाळाला हात लावला. स्टिलबाइट गायब! त्याचा नुसता गाळ झाला होता. गारगोट्यांच्या कडांना चंद्रकोरीसारखे टवके, आणि अकीक निस्तेज, जणू कोणी वरून साबण फासलाय.

मग आपल्या सवयीप्रमाणे डिबगिंग सुरू केलं. पहिली चूक म्हणजे सगळे दगड एकत्र टाकले. अकीक आणि गारगोटी यांचा कठीणपणा मोह्सच्या मापात ७ च्या आसपास, स्टिलबाइट जेमतेम ४. शिवाय स्टिलबाइट ठरावीक पातळीवर पापुद्र्यासारखं फुटतं. म्हणजे पैलवानांच्या आखाड्यात लहान पोर सोडल्यासारखं झालं. दुसरी चूक, पिंप अर्धंच भरलं होतं. त्यामुळे दगड घसरायच्या ऐवजी वरून आपटत होते. पिंप दोन तृतीयांश ते पाऊण भरलेलं हवं, मोठ्या दगडांच्या मध्ये लहान खडे हवेत. तिसरी चूक धुण्याची. जाड पुडीचा एखादा कण जरी एखाद्या भेगेत अडकून पॉलिशच्या टप्प्यात गेला, तर तो आठवडाभर ओरखडे काढत बसतो.

पण सगळ्यात मोठी चूक वेगळीच होती. मंडळी, ओला दगड नेहमीच चकचकीत दिसतो. पाणी त्याच्या पृष्ठभागावरचे बारीक खड्डे भरून टाकतं. मी दर वेळी ओला दगड बघून "झालं, पुढचा टप्पा!" म्हणत होतो. खरं काय ते दगड वाळल्यावर कळतं. आणि पहिल्या टप्प्यात राहिलेला खड्डा शेवटची पूड कधीच भरून काढत नाही. चमक शेवटच्या आठवड्यात दिसते, पण ती बनते पहिल्या आठवड्यात. आता माझा पहिला टप्पा एक नाही, कधी कधी तीन आठवडे चालतो. हट्टी दगड असेल तर पुन्हा जाड पुडीत.

आता तुम्ही म्हणाल, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे ना? येतोय तिकडेच.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची एक मार्गदर्शिका लिहिली, 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. त्याचं नाव कोणालाच माहीत नाही. त्यात आपल्या पैठणचा उल्लेख आहे. तो सांगतो की बॅरिगाझा, म्हणजे भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तिथून गाड्यांमध्ये भरून, रस्ते नसलेल्या मुलखातून अकीक जातीचा दगड मोठ्या प्रमाणावर भडोच बंदरात येतो. तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, तिथून कापड येतं. सातवाहनांचा काळ. पैठण तेव्हा प्रतिष्ठान होतं, राजधानीचं शहर.

विचार करा, संभाजीनगरहून पैठण आज पन्नासेक किलोमीटर. तिथला दगड बैलगाडीने भडोचला, तिथून जहाजाने तांबड्या समुद्राकडे आणि पुढे रोमन जगात. आणि हा दगड इथे आला कुठून? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचले. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. नंतर सिलिका विरघळलेलं पाणी त्या पोकळ्यांत झिरपलं आणि पदरापदराने अकीक तयार झाला. मामाच्या शेतातला गोटा म्हणजे लाव्हातला एक जुना बुडबुडा!

पैठणच्या बाळासाहेब पाटील संग्रहालयात किंवा तेरच्या लामतुरे संग्रहालयात गेलात, तर मूर्ती आणि खापरं बघून झाल्यावर मण्यांपाशी थांबा. आपण त्यांना सहज ओलांडून जातो. मीही जायचो. आता जात नाही, कारण हातात मोटर असून मला जे महिनाभर जमलं नाही, ते त्यांनी हाताने केलं होतं.

हे हाताने कसं करतात, हे बघायचं तर भडोचच्या जवळच खंबात आहे. अकिकाचे मणी करणारे कारागीर तिथे आजही आहेत. कच्चा दगड मुख्यतः रतनपूरच्या खाणींचा. आधी तो उन्हात वाळवतात, मग मातीच्या भांड्यात घालून गोवऱ्यांच्या आचेवर भाजतात. दगडातलं लोह त्या उष्णतेने लाल होतं. जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड धरून शिंगाच्या हातोडीने टवके काढतात, मग घासून आकार देतात. भोक पाडायला हिऱ्याचे बारीक कण बसवलेलं गिरमिट, कमानीने फिरवायचं, दोन्ही बाजूंनी, म्हणजे मण्याचं तोंड फुटत नाही.

आणि पॉलिश? एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी नोंदींमध्ये त्याचं वर्णन आहे. सुमारे दोन फूट लांब, दहा-बारा इंच व्यासाची चामड्याची पिशवी. त्यात हजारो मणी, कुरुंदाची पूड आणि मण्यांना भोकं पाडताना निघालेली बारीक भुकटी. तोंड बांधायचं, मधोमध एक चामडी पट्टा गुंडाळायचा. खोलीच्या दोन टोकांना दोन माणसं बसणार आणि ती पिशवी एकमेकांकडे ओढत राहणार. मधून मधून पाणी शिंपडायचं. दहा ते पंधरा दिवस!

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. अहो, हे माझंच पिंप की! फक्त मोटरच्या जागी दोन माणसं. आणि गंमत बघा. कुरुंद म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. मी शेवटच्या टप्प्यासाठी ऑनलाइन मागवलेली महागडी पॉलिश पावडरसुद्धा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दच आपल्या भाषांमधून तिकडे गेलाय. कार्बोरंडम मात्र नवं, १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनच्या भट्टीत तयार झालेलं.

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती खरं तर या भागाचं कारण आहे.

एका रविवारी मोठा अकीक पिंपात मावेना, म्हणून मी गच्चीवर अँगल ग्राइंडरने तो कापत बसलो. कोरडाच. पांढरा धुरळा उडत होता. बाबा वर आले, त्यांनी काही न बोलता प्लग काढला. मग म्हणाले, "तोंडाला काय बांधलंयस?" मी रुमाल दाखवला. ते खाली बसले.

बाबांनी उमेदीची वर्षं वाळूजला एका फाउंड्रीत काढली. त्यांच्या शेजारी कास्टिंग घासायला एक काका होते. खोकला सुरू झाला, सगळे टीबी समजले, औषधं झाली, उतार पडेना. शेवटी निदान झालं सिलिकोसिस. "दगडाची धूळ आत गेली की बाहेर येत नाही," एवढंच बाबा म्हणाले. त्या काकांचा विषय आमच्या घरात त्याआधी कधीच निघाला नव्हता.

मग मी खंबातबद्दल पुन्हा वाचायला बसलो, या वेळी मण्यांबद्दल नाही. अकीक घासणाऱ्यांमध्ये सिलिकोसिसचं प्रमाण मोठं आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथे अभ्यास केले आहेत. काम घराघरांत चालतं, त्यामुळे जो दगडाला हातही लावत नाही, त्याच्याही फुप्फुसात ती धूळ जाते. झालेला आजार बरा करणारं औषध नाही. उपाय आहे तो आधीचाच: पाणी सोडून ओलं घासायचं, धूळ ओढून घेणारी यंत्रं लावायची.

पेरिप्लसच्या लेखकाने बंदर लिहिलं, वाट लिहिली, माल लिहिला. घासणारा कुठेच नाही. मी त्याला दोष देत नाही, तो व्यापारी होता. पण मी इतकी वर्षं सातवाहनांचं वैभव, रोमशी व्यापार असं अभिमानाने सांगत आलो, तेव्हा मीही ओला दगडच बघत होतो.

तुमच्यापैकी कोणी हा छंद सुरू करणार असेल, तर ऐका. दगड कापायचा तर पाण्याखाली, आणि एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क लावून. रुमाल चालत नाही. पिंपातला गाळ वाळू देऊ नका, कारण वाळला की त्याची धूळ होते. तो बेसिनमध्येही ओतू नका, पाइपात सिमेंटसारखा बसतो. कठीण दगड कठीण दगडांबरोबर, मऊ वेगळे. आणि पुढच्या टप्प्याचा निर्णय दगड पूर्ण वाळल्यावरच.

गेल्या आठवड्यात पहिला अकीक मनासारखा झाला. वाळवून, पुसून बाबांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, नखाने एक कड तपासली. म्हणाले, "इथे अजून ओरखडा आहे."

होता. म्हणून रेकॉर्डिंग संपलं की मी गॅलरीत जातोय, पुन्हा जाड पुडीपासून सुरू करायला. भेटू पुढच्या भागात!