पावलांची पारख

अमेरिकन फुटबॉलच्या आक्रमक फळीतले पाच धिप्पाड गडी चेंडू पळवत नाहीत; पळणाऱ्याला वाट करून देतात. त्यांच्या नावावर गुण लागत नाहीत, म्हणून शाळकरी पोरांतून त्यांना हेरणे अवघड. शाळेत पोरगा नुसत्या वजनावर जिंकतो. कॉलेजात समोरचाही तेवढाच जड. जाणता प्रशिक्षक पावले पाहतो, पोरगा कुस्ती खेळतो का विचारतो. वजन काय, खुराकाने वाढते!

आयोवा विद्यापीठात रॉबर्ट गॅलरी आला तो चेंडू झेलणाऱ्या जागेसाठी. प्रशिक्षक कर्क फेरेंट्झ यांच्या हाताखाली तो फळीत घडला. २००३ ची आउटलँड ट्रॉफी त्याची. २००४ च्या व्यावसायिक निवडीत दुसरा क्रमांक. मला मात्र आठवण होते ती अंगावर मांस चढवून बाकावरच बसून राहिलेल्यांची.