अठरावे वर्ष आणि परदेशाची वाट

खेळाडूंच्या चरित्रांचा एक साचा आता आपल्याकडे पक्का झाला आहे. आधी घरची गरिबी, मग जिद्द, मग एखादा पारखी गुरू, मग परदेश आणि शेवटी पदक. या क्रमात परदेश हे नेहमी बक्षीस म्हणून येते. कष्टाचे चीज झाले याची ती खूण असते. महिला फुटबॉलचा इतिहास वाचताना मात्र आम्हांला हा साचा वारंवार अडखळताना दिसला. ब्राझीलच्या मार्ता व्हिएरा द सिल्व्हा हिची कथा त्यात वरवर पाहता तंतोतंत बसते, आणि नेमका तेथेच घोटाळा होतो. ती परदेशी गेली ती गुणी होती म्हणून, हे खरेच. पण ज्या देशाला जग फुटबॉलचे माहेर मानते, त्या देशात तिला राहण्याजोगे घर नव्हते, हे त्याहून आधीचे सत्य आहे.

त्यासाठी १९४१ पर्यंत मागे जावे लागते. ब्राझीलमध्ये तेव्हा गेतुलिओ व्हार्गास यांची हुकूमशाही राजवट होती. त्याआधीच्या वर्षी साओ पावलोच्या पाकाएम्बू मैदानावर स्त्रियांचे फुटबॉल सामने झाले होते आणि वृत्तपत्रांतून त्यांवर बराच गदारोळ उठला होता. एका नागरिकाने तर थेट राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून देशाच्या भावी मातांना या खेळापासून वाचवण्याची विनंती केली होती. १४ एप्रिल १९४१ रोजी क्रीडाविषयक अध्यादेश क्रमांक ३१९९ निघाला. त्याच्या ५४व्या कलमानुसार, स्त्रियांच्या प्रकृतिधर्माशी विसंगत अशा खेळांना मनाई करण्यात आली. त्या कलमात फुटबॉलचे नावही नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ‘प्रकृतिधर्म’ हा एकच शब्द पुरेसा होता. त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे असे गृहीत धरलेले होते. भाषेचे अध्यापन करणाऱ्यांनी हे कलम एकदा संहिता म्हणून वाचून पाहावे असे आम्हांला वाटते, कारण कायद्याने जे उच्चारले नाही तेच त्याने सर्वांत कठोरपणे अमलात आणले. पुढे लष्करी राजवटीत, १९६५ मध्ये, राष्ट्रीय क्रीडा परिषदेने तीही संदिग्धता काढून टाकली आणि फुटबॉल, बंदिस्त जागेतील फुटबॉल, वाळूवरचा फुटबॉल, वॉटर पोलो, रग्बी, भारोत्तोलन अशी नावनिशीवार यादीच दिली.

ही बंदी उठली १९७९ मध्ये, आणि स्त्रियांच्या फुटबॉलला रीतसर नियमांची चौकट मिळाली १९८३ मध्ये. मधल्या काळात पुरुषांच्या ब्राझीलने १९५८, १९६२ आणि १९७० असे तीन विश्वचषक जिंकले. म्हणजे ज्या सोनेरी वर्षांच्या आठवणींवर ब्राझीलची फुटबॉलदंतकथा उभी आहे, ती सगळी वर्षे अर्ध्या देशाला चेंडूला पाय लावण्याची मुभा नसलेली वर्षे होती. (इंग्लंडला हसण्याचे कारण नाही. तेथील फुटबॉल संघटनेने डिसेंबर १९२१ मध्ये आपली मैदाने स्त्रियांना बंद केली, आणि ती बंदी अर्धशतक टिकली. ब्राझीलचे वैशिष्ट्य एवढेच, की तेथे हे काम संघटनेने नव्हे तर शासनाने केले.)

मार्ताचा जन्म १९ फेब्रुवारी १९८६ चा. बंदी उठून सात वर्षे झाल्यानंतरचा. आलागोआस या ईशान्येकडील कोरड्या, गरीब राज्यातले दोइस रियाशोस हे तिचे गाव. वडील लहानपणीच घर सोडून गेले, आईने चार मुले वाढवली. मार्ता मुलग्यांबरोबर खेळत असे, कारण गावात खेळणारी दुसरी मुलगी नव्हती, आणि एका स्थानिक स्पर्धेत मुलगी आहे म्हणून तिला खेळू देण्यास विरोधही झाला. कायदा रद्द झाला होता; कायद्याने घडवलेली नजर रद्द झाली नव्हती. इतिहासात असे नेहमीच घडते. राजपत्रातला मजकूर एका दिवसात बदलतो, पण संघ, प्रशिक्षक, पैसा, शाळेचे मैदान, आईबापांची संमती यांपैकी काहीच एका दिवसात उभे राहत नाही.

२००० मध्ये, चौदाव्या वर्षी, ती तीन दिवसांचा बसप्रवास करून रिओ द जानेरोला पोहोचली आणि वास्को द गामा या क्लबच्या निवडचाचणीत उतरली. क्लबचे नाव मराठी वाचकाला, विशेषतः गोव्यातल्या वाचकाला, ओळखीचे वाटेल. ते त्याच दर्यावर्दीवरून पडले आहे. मात्र थोड्याच काळात क्लबने महिलांचा संघ बंद केला. मार्ता मिनास जेराइसमधल्या एका छोट्या क्लबकडे गेली. २००३ च्या विश्वचषकात, सतराव्या वर्षी, ती राष्ट्रीय संघातून अमेरिकेत खेळली. उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनने ब्राझीलला २-१ असे हरवले. ब्राझीलचा एकमेव गोल मार्ताचा होता. स्वीडनमधल्या उमेओ या क्लबने तिला बोलावले. २००४ च्या प्रारंभी, अठरा वर्षांची होताना, ती तेथे दाखल झाली.

उमेओ हे बर्च वृक्षांचे, विद्यापीठाचे शहर आर्क्टिक वृत्तापासून फार दूर नाही. आलागोआसच्या उन्हात वाढलेली मुलगी फेब्रुवारीच्या बर्फात तेथे उतरली, हे चित्र चरित्रकारांना मोहवते, आम्हांलाही मोहवले. परंतु अधिक महत्त्वाचा प्रश्न असा, की जगातला सर्वोत्तम महिला क्लब त्या वेळी त्या हिमप्रदेशात का होता? उमेओने २००३ आणि २००४ असा सलग दोनदा युरोपीय चषक जिंकला. २००४ च्या अंतिम लढतीत फ्रँकफुर्टला दोन सामन्यांत मिळून ८-० असे नमवले, आणि त्या संघात मार्ता होती. स्वीडनमध्ये १९८८ पासून स्त्रियांची देशव्यापी साखळी स्पर्धा नियमित चालत होती. १९८४ ची पहिली युरोपीय स्पर्धाही स्वीडननेच जिंकली होती. आठ-दहा हजार प्रेक्षकांची, भरमसाट पैशांची गरज नव्हती. गरज होती ती दरवर्षी ठरल्या दिवशी सामना होईल या खात्रीची. ही खात्री ब्राझीलकडे नव्हती. प्रतिभा तेथे अमाप होती, पंचांग नव्हते.

उमेओकडून मार्ताने २००५ ते २००८ अशी सलग चार स्वीडिश विजेतेपदे मिळवली. २००६ पासून २०१० पर्यंत पाच वर्षे ती जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. २०१८ मध्ये सहाव्यांदा. ही यादी येथेच थांबवतो. यादीपेक्षा बोलकी आहे ती तिच्या मुक्कामांची अस्थिरता. २००९ मध्ये ती लॉस एंजेलिसला गेली. पुढच्या वर्षाच्या आरंभी तो संघ बंद पडला. मग कॅलिफोर्नियातलाच दुसरा संघ. तो २०१० चे विजेतेपद मिळवून त्याच वर्षी बुडाला. ती सगळी व्यावसायिक स्पर्धाच २०१२ मध्ये गुंडाळली गेली. मधल्या सुट्टीत ती सांतोसकडून खेळली होती. पेलेच्या त्या क्लबनेही २०१२ मध्ये खर्चाचे कारण सांगून महिला संघ बंद केला आणि तो काही वर्षांनी पुन्हा सुरू केला. त्यानंतर स्वीडनमधला ट्युरेस्यो: मे २०१४ मध्ये लिस्बनला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मार्ताने दोन गोल केले, संघ ३-४ असा हरला, आणि काही आठवड्यांत क्लबची आर्थिक पडझड होऊन त्याने साखळी स्पर्धेतून अंग काढून घेतले. जगातली सर्वोत्तम खेळाडू असूनही एकामागून एक घरे पायाखालून जात राहिली. ‘परदेशातील कारकीर्द’ या गुळगुळीत शब्दप्रयोगात हे सारे दडून जाते, म्हणून आम्ही ते विस्ताराने लिहिले.

स्वीडिश भाषा तिने आत्मसात केली. स्थलांतराच्या साहित्यात भाषा गमावण्याचे दुःख आपण पुष्कळ वाचतो. भाषा मिळवण्याच्या श्रमाबद्दल त्या मानाने कमी लिहिले जाते. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकची उपांत्य लढत माराकानावर झाली. समोर स्वीडन. गोलशून्य बरोबरीनंतर पेनल्टींवर ब्राझील हरला. त्या स्पर्धेच्या काळात जर्सीवरचे नेमारचे नाव खोडून खाली हाताने मार्ताचे नाव लिहिलेल्या एका मुलाचे छायाचित्र गाजले होते. मायदेशाने तिला इतक्या उघडपणे आपले म्हटले त्याच मैदानावर दुसऱ्या देशाने तिला हरवले, आणि २०१७ मध्ये तिने त्या दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले. त्याच स्वीडिश संघाच्या प्रशिक्षक पिया सुंढागे २०१९ मध्ये ब्राझीलच्या प्रशिक्षक झाल्या. निष्ठा आणि विश्वासघात या जुन्या जोडीने ही गुंतागुंत उलगडत नाही.

आता थोडे आपल्याजवळ. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. कोलंबियाच्या संघात लिंडा काईसेदो होती. वयाच्या चौदाव्या वर्षी ती आमेरिका दे कालीकडून आपल्या देशाच्या व्यावसायिक साखळीत विजेती झाली होती. पंधराव्या वर्षी तिला अंडाशयाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली आणि ती पुन्हा मैदानावर आली. कोलंबियातली ती साखळी २०१७ मध्ये सुरू झाली, हे येथे विसरू नये. मार्ताला चौदाव्या वर्षी जे मिळाले नाही ते लिंडाला कसेबसे वेळेवर मिळाले. मडगावला कोलंबियाने टांझानियाला आणि नंतर पेनल्टींवर नायजेरियाला हरवले. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंतिम सामन्यात ८२व्या मिनिटाच्या स्वयंगोलामुळे स्पेनने तो १-० असा जिंकला.

युरोपातल्या क्लबांचे लक्ष तिच्यावर आधीपासून होते. पण अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जाता येत नाही, असा फिफाचा नियम आहे. काही अपवाद सोडले तर तो सर्वांना लागू होतो. मुलांच्या खरेदी-विक्रीला आळा घालण्यासाठी केलेला हा नियम आम्हांला योग्यच वाटतो. २२ फेब्रुवारी २०२३ रोजी लिंडा अठरा वर्षांची झाली आणि त्याच आठवड्यात रेआल माद्रिदने तिला घेतल्याचे जाहीर झाले. मार्ताही उमेओला अठराव्या वर्षीच गेली होती. एकीच्या मागे बंद पडलेला संघ होता, दुसरीच्या मागे सहा वर्षांची का होईना, चालू असलेली स्पर्धा.

२ ऑगस्ट २०२५ रोजी कीतोमध्ये कोपा आमेरिकाच्या अंतिम सामन्यात या दोघी समोरासमोर आल्या. पहिला गोल लिंडाने केला. एकोणचाळीस वर्षांची मार्ता अखेरच्या मिनिटांत बदली खेळाडू म्हणून उतरली, जादा दिलेल्या वेळेच्या सहाव्या मिनिटाला तिने दुरून मारलेल्या चेंडूने बरोबरी साधली, आणि वाढीव वेळेत आणखी एक गोल केला. ४-४ नंतर पेनल्टींवर ब्राझील जिंकला. त्यांत मार्ताची पेनल्टी मात्र चुकली.