शीतयंत्र आणि संगणक

तळजाईच्या टेकडीच्या पूर्वेस, सातारा रस्त्यापलीकडे पसरलेली बिबवेवाडी ही पुण्याची गजबजलेली वस्ती. अशा वस्तींतील एखाद्या गच्चीवर मोडक्या फ्रिजचा काँप्रेसर, तांब्याच्या नळीचें वेटोळें आणि उघडा टाकलेला संगणक शेजारीं-शेजारीं दिसले, तर पाहणाऱ्यास तो भंगाराचा ढीग वाटेल. वस्तुतः तेथें एक जुनाच खटाटोप पुन्हा मांडलेला असतो. संगणक जितका वेगानें चालवावा तितका तो तापतो. फार तापला कीं चुका करूं लागतो किंवा मंद होतो. तेव्हां अन्न थंड ठेवणाऱ्या यंत्राचे अवयव त्याच्या माथ्यावर कां बसवूं नयेत? विचार सरळ आहे; त्याचा इतिहास मात्र तितका सरळ नाहीं.

गारवा विकत घेण्याची सोय मुंबईकरांस १८३४ सालीं लाभली. अमेरिकेंतील तळ्यांचा बर्फ जहाजानें आला, जमशेटजी जिजीभाईंनीं पाहुण्यांस आइस्क्रीम वाढलें, आणि मागाहून मंडळींस सर्दी झाली, असें सांगतात. त्या बर्फाची आठवण एका शब्दांत अजून टिकून आहे. वातानुकूल यंत्र ‘एक टनाचें’ म्हणतात, तें वजनावरून नव्हे. एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळतांना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी, म्हणजे सुमारें साडेतीन हजार वॅट, तें यंत्र खोलीबाहेर टाकतें.

फ्रिजही थंडी उत्पन्न करीत नाहीं. तो आंतली उष्णता उचलून मागल्या जाळीवाटे बाहेर सोडतो. नळींतील द्रव उकळून वायु होतांना उष्णता घेतो आणि काँप्रेसरनें दाबल्यावर ती परत देतो. या कामीं निर्धोक असा वायु थॉमस मिजली व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९२८ च्या सुमारास शोधला, तोच फ्रेऑन. आपल्याकडे गोदरेजचा फ्रिज १९५८ सालीं निघाला. पुढें हाच वायु पृथ्वीवरील ओझोनच्या थरास खातो असें आढळून आलें आणि १९८७ च्या माँट्रियल करारानें त्याची हकालपट्टी झाली.

त्यापूर्वीं मात्र फ्रेऑननें संगणकाची मोठी सेवा केली. सेमूर क्रे याचा क्रे-१ हा संगणक १९७६ सालीं लॉस अलामॉस येथें बसला. वजन साडेपांच टन, वीज सुमारें ११५ किलोवॅट. एवढी वीज उष्णता होऊनच बाहेर पडणार! म्हणून विद्युत्मंडलांच्या फळ्यांमधून फ्रेऑनच्या नळ्या खेळविल्या होत्या. परंतु काँप्रेसरच्या वंगणासाठीं वायूंत मिसळलेलें तेल सांध्यांतून झिरपून फळ्यांवर पसरे व मंडलें निकामी करी. नळ्यांची जोडणी नव्यानें शिकावी लागली, आणि या पायीं काम सहा महिने लांबलें. जगांतील सर्वांत वेगवान यंत्र अडलें तें गणितापाशीं नव्हे, नळकामापाशीं!

याच घराण्याचें क्रे एक्स-एमपी यंत्र १९८० च्या दशकाअखेर दिल्लीस हवामानाच्या अंदाजासाठीं आलें. त्याहून समर्थ यंत्र देण्यास अमेरिका राजी नव्हती. तेव्हां १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही संस्था निघाली व विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं परम ८००० सिद्ध झाला. येथें वाट वेगळी होती. एक प्रचंड तापणारा गणक घेण्याऐवजीं चौसष्ट ट्रान्सप्युटर एकत्र राबविले; त्यांतील एकेकाची उष्णता वॅटच्या आसपास. उष्णता अशी वांटली गेली.

घरगुती संगणकास फ्रिजचा काँप्रेसर जोडण्याची हौस फोफावली ती त्याच दशकाच्या अखेरीस. अमेरिकेंतील क्रायोटेक व पाठोपाठ डेन्मार्कमधील असेटेक यांनीं तयार पेट्याच विकावयास काढल्या. पण हौशी माणसास विकतचें कोठें गोड लागतें? तो जुन्या बाजाराकडे वळतो. तेथें दोन गोष्टी त्याच्या ध्यानांत येत नाहींत. फ्रिजचा काँप्रेसर अधूनमधून विसांवा घेत शंभर-दीडशे वॅट उष्णता ओढण्यास केलेला असतो; संगणक तेवढी उष्णता अखंड ओततो. आणि नव्या फ्रिजांत फ्रेऑनच्या जागीं पुष्कळदां आयसोब्युटेन असतो, जो पेट घेतो. अशी नळी उघडून तिच्यापाशीं झाळकामाची ज्योत नेणें म्हणजे प्राणाशीं खेळ.

याहून मोठा शत्रु पुण्याची हवा. उन्हाळ्यांतील कोरड्या दुपारीं प्रयोग सुरेख चालतो. मग आषाढ येतो. बाहेरची हवा इतकी ओली होते कीं वीस-बावीस अंशांहून थंड झालेल्या प्रत्येक वस्तूवर तिच्यांतलें पाणी जमतें. बर्फाच्या पेल्यास बाहेरून घाम फुटतो तसेंच. पेल्याचा घाम पुसतां येतो. विजेच्या तारांमध्यें उतरलेला तो थेंब महिन्याभराच्या कमाईचें यंत्र एका संध्याकाळीं जाळतो, आणि मेहनत केली ती नेमकी त्या यंत्रास वांचविण्यासाठींच.

२०१५ सालीं मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणक अभियानांत पुण्याच्या आयसर संस्थेंत उभारलेला परम ब्रह्म हा नेहमींच्या तापमानाच्या पाण्यानें निवविला जातो. पाणी गणकांच्या माथ्यावरील पत्र्यांतून फिरतें. तें हवेहून फार गार नसल्यामुळें दंव धरत नाहीं. गच्चीवरच्या कारागिरासही हें जमण्यासारखें आहे. काँप्रेसरची थंड नळी संगणकावर न बसवितां पाण्याच्या बादलींत सोडावी, तेंच पाणी पंपानें संगणकावर फिरवावें, आणि पावसाळ्यांत बादलींतील पारा पंचवीस अंशांखालीं उतरूं लागला कीं काँप्रेसर बंद करावा.