अनिकेत जाधवची प्रारंभिक कारकीर्द

अनिकेत जाधव (जन्म: १३ जुलै २०००, कोल्हापूर, महाराष्ट्र) हा भारतीय व्यावसायिक फुटबॉल खेळाडू असून तो आघाडीच्या फळीत खेळतो. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील फिफा विश्वचषक स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व करणाऱ्या २१ खेळाडूंमध्ये त्याचा समावेश होता. त्यानंतर तो इंडियन ॲरोज, जमशेदपूर एफ.सी. आणि हैदराबाद एफ.सी. या संघांकडून खेळला. २०१९ साली जमशेदपूरशी करार करण्यापूर्वी त्याने इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबमध्ये प्रशिक्षण घेतले. या लेखात त्याच्या २०२२ सालापर्यंतच्या कारकिर्दीचा आढावा घेतला आहे. शासकीय क्रीडा योजनेतून घडलेला कोल्हापूरचा एक आघाडीपटू राष्ट्रीय संघापर्यंत कसा पोहोचला आणि व्यावसायिक स्तरावर त्याला मैदानावरील आपली जागा का बदलावी लागली, हे या कालखंडातून दिसून येते.

पार्श्वभूमी: कोल्हापूरचा फुटबॉल

कोल्हापूर हे कुस्तीसाठी प्रसिद्ध असले, तरी फुटबॉलची परंपराही तेथे जुनी आहे. शहरातील स्थानिक फुटबॉल पेठा आणि तालमींभोवती उभा राहिला आहे. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब हे तेथील प्रमुख संघ होत. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या अधिपत्याखाली छत्रपती शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने होतात. पारंपरिक प्रतिस्पर्ध्यांमधील लढतींना प्रेक्षक मोठी गर्दी करतात. महाराष्ट्रातील अन्य बहुतेक शहरांत ज्या काळी क्रिकेटखेरीज दुसऱ्या खेळाला प्रेक्षक मिळणे अवघड होते, त्या काळीही कोल्हापुरात पेठेचा फुटबॉलपटू हा ओळखीचा चेहरा असे.

मात्र या स्थानिक स्पर्धांमधून राष्ट्रीय पातळीवरील व्यावसायिक क्लबांकडे जाणारा सरळ मार्ग दीर्घकाळ उपलब्ध नव्हता. देशातील नामांकित क्लब प्रामुख्याने कोलकाता, गोवा आणि मुंबई येथे होते. त्यामुळे तालमीकडून खेळणारा गुणी खेळाडू पुष्कळदा शहरापुरताच मर्यादित राहत असे. अनिकेत जाधवचा प्रवास या परंपरेच्या प्रदेशात सुरू झाला. परंतु त्याची जडणघडण तालमीपेक्षा शासकीय निवासी क्रीडा प्रशिक्षणातून झाली.

क्रीडा प्रबोधिनी

क्रीडा प्रबोधिनी ही महाराष्ट्र शासनाची निवासी प्रशिक्षण योजना आहे. शालेय वयातील मुलामुलींची शारीरिक क्षमतेच्या चाचण्यांद्वारे निवड करून त्यांना निवास, आहार, शालेय शिक्षण आणि एका खेळाचे नियमित प्रशिक्षण देणे हे तिचे स्वरूप आहे. पुण्यातील बालेवाडी येथील केंद्राबरोबरच अमरावती, अकोला यांसारख्या जिल्हा ठिकाणीही या योजनेची केंद्रे चालविली जातात. खेळासाठी स्वतंत्र खर्च करणे ज्यांना शक्य नाही, अशा कुटुंबांतील मुलांना लहान वयातच शास्त्रोक्त प्रशिक्षण मिळणे, हा या योजनेचा मुख्य लाभ होय.

जाधवने फुटबॉलचे पायाभूत प्रशिक्षण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घेतले. तेथून त्याची वाटचाल भारताच्या कुमार संघापर्यंत झाली.

१७ वर्षांखालील राष्ट्रीय संघ

२०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे यजमानपद भारताला मिळाल्यामुळे भारतीय संघाला पात्रता फेरी न खेळता थेट प्रवेश मिळणार होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यासाठी देशभरातून मुले निवडून दीर्घ मुदतीची शिबिरे घेतली आणि संघाला परदेश दौऱ्यांवर पाठविले. आरंभी जर्मनीचे निकोलाय ॲडम हे संघाचे प्रशिक्षक होते. २०१७ च्या पूर्वार्धात त्यांची जागा पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस यांनी घेतली.

अंतिम संघात आघाडीपटू म्हणून केवळ दोघांची निवड झाली: अनिकेत जाधव आणि पश्चिम बंगालचा रहीम अली. संघाचे नेतृत्व मणिपूरच्या अमरजित सिंगकडे होते. स्पर्धेच्या निमित्ताने महाराष्ट्र शासनाने १५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘मिशन वन मिलियन’ हा उपक्रम राबवून राज्यभरातील शाळांमध्ये फुटबॉलचे सामने घडवून आणले होते. स्पर्धेच्या सहा केंद्रांपैकी एक नवी मुंबईत होते. भारताचे सामने मात्र दिल्लीतील जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाले.

२०१७ विश्वचषक

६ ऑक्टोबर २०१७ रोजी अमेरिकेविरुद्धच्या सामन्याने भारताने फिफाच्या विश्वचषक स्पर्धेत प्रथमच पाऊल ठेवले. भारताचे साखळीतील निकाल पुढीलप्रमाणे होते:

• ६ ऑक्टोबर: अमेरिकेकडून ०–३ असा पराभव
• ९ ऑक्टोबर: कोलंबियाकडून १–२ असा पराभव
• १२ ऑक्टोबर: घानाकडून ०–४ असा पराभव

तीन सामन्यांत मिळून भारताला एकच गोल करता आला. कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला जिक्सन सिंगने कॉर्नर किकवर हेडरद्वारे केलेला हा गोल भारताचा विश्वचषकातील पहिला गोल ठरला. कोलंबियाने पुढच्याच मिनिटाला विजयी गोल केला. गोल करणारा जिक्सन हा मध्यरक्षक होता. आघाडीच्या खेळाडूंना गोल करता आला नाही. प्रबळ प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध भारताने बचावात्मक रचना स्वीकारली होती. अशा रचनेत आघाडीपटूवर गोल करण्यापेक्षा प्रतिस्पर्धी बचावपटूंवर दबाव ठेवण्याची आणि पुढे आलेला चेंडू सहकारी येईपर्यंत ताब्यात राखण्याची जबाबदारी अधिक येते.

इंडियन ॲरोज

विश्वचषकानंतर हा संघ विखुरला जाऊ नये, म्हणून महासंघाने २०१७–१८ च्या आय-लीगमध्ये इंडियन ॲरोज हा आपला संघ पुन्हा उतरविला. कुमारवयीन भारतीय खेळाडूंचा हा संघ होता आणि त्यात परदेशी खेळाडू घेतले जात नसत. त्यामुळे ज्या जागा इतर संघांत परदेशी खेळाडूंकडे जात, त्या येथे भारतीय मुलांना मिळाल्या. मध्यवर्ती आघाडीपटूची जागा ही त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची होती.

२९ नोव्हेंबर २०१७ रोजी गोव्यातील बांबोळी येथे ॲरोजचा पहिला सामना चेन्नई सिटी एफ.सी.विरुद्ध झाला. १७ वर्षांच्या जाधवने या सामन्यात दोन गोल केले. तिसरा गोल बोरिस सिंगने केला आणि ॲरोजने अनुभवी खेळाडूंच्या संघाविरुद्ध ३–० असा विजय मिळविला. विश्वचषकात एकही गोल न करू शकलेल्या आघाडीच्या फळीच्या दृष्टीने हा निकाल लक्षणीय होता. तथापि संपूर्ण हंगामात वयाचा व अनुभवाचा फरक जाणवत राहिला आणि दहा संघांच्या स्पर्धेत ॲरोज अखेरच्या स्थानावर राहिला.

कोटिफ चषक, २०१८

२०१८ च्या उन्हाळ्यात भारताचा २० वर्षांखालील संघ स्पेनमधील व्हॅलेन्सियाजवळच्या ल’अल्कुदिया येथे होणाऱ्या कोटिफ चषकात सहभागी झाला. फ्लॉइड पिंटो हे संघाचे प्रशिक्षक होते. साखळीतील अखेरच्या सामन्यात भारताची गाठ अर्जेंटिनाच्या २० वर्षांखालील संघाशी पडली. या संघाचे प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी हे होते. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली अर्जेंटिनाने पुढे २०२२ चा विश्वचषक जिंकला.

दीपक टांगरीने चौथ्या मिनिटाला भारताला आघाडी मिळवून दिली. ५४व्या मिनिटाला जाधवला लाल कार्ड दाखविण्यात आले आणि उर्वरित सामना भारताला दहा खेळाडूंनिशी खेळावा लागला. ६८व्या मिनिटाला अन्वर अलीने फ्री किकवर दुसरा गोल केला. अर्जेंटिनाने चार मिनिटांनी एक गोल फेडला; परंतु भारताने २–१ असा विजय राखला. अर्जेंटिनाच्या कोणत्याही वयोगटातील संघावर मिळविलेला विजय म्हणून या सामन्याची देशभर चर्चा झाली. जाधवच्या कारकिर्दीत मात्र हा सामना संघाच्या यशाबरोबरच वैयक्तिक चुकीसाठीही नोंदला गेला.

ब्लॅकबर्न रोव्हर्समधील प्रशिक्षण

ॲरोजमधील कालखंडानंतर जाधवला इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबमध्ये सुमारे तीन महिने प्रशिक्षण घेण्याची संधी मिळाली. १८७५ साली स्थापन झालेला हा क्लब इंग्लंडच्या जुन्या फुटबॉल क्लबांपैकी एक आहे. १९९४–९५ साली त्याने प्रीमियर लीग जिंकली. त्या हंगामात इंग्लंडचा आघाडीपटू ॲलन शिअररने क्लबकडून ३४ गोल केले होते. जाधव तेथे गेला, तेव्हा हा क्लब चॅम्पियनशिप या दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत खेळत होता. नोव्हेंबर २०१० पासून क्लबची मालकी पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाकडे आहे.

हा कालावधी प्रशिक्षणापुरता मर्यादित होता. ब्लॅकबर्नच्या मुख्य संघाकडून जाधव अधिकृत सामना खेळला नाही.

जमशेदपूर एफ.सी. (२०१९–२०२१)

२०१९ साली जाधवने इंडियन सुपर लीगमधील जमशेदपूर एफ.सी.शी करार केला. २९ ऑक्टोबर २०१९ रोजी जमशेदपूर येथे हैदराबाद एफ.सी.विरुद्ध त्याने या स्पर्धेतील आपला पहिला गोल केला. मध्यंतराला सामना १–१ असा बरोबरीत होता. दुसऱ्या सत्रात जाधवने संघाला पुन्हा आघाडीवर नेले आणि सर्जिओ कास्तेलच्या गोलनंतर जमशेदपूरने ३–१ असा विजय मिळविला.

जमशेदपूरमध्ये मध्यवर्ती आघाडीपटूची जागा परदेशी खेळाडूंकडे होती. पहिल्या हंगामात तेथे स्पेनचा कास्तेल होता. २०२०–२१ मध्ये लिथुआनियाचा नेरियस वाल्सकिस आला. आदल्या हंगामात त्याने चेन्नईयिनकडून खेळताना सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूचा ‘गोल्डन बूट’ पुरस्कार मिळविला होता. त्यामुळे जाधवचा वापर मुख्यतः बगलेवरून खेळणारा आघाडीपटू म्हणून, अनेकदा बदली खेळाडूच्या स्वरूपात झाला. दुसऱ्या हंगामात संघाचे प्रशिक्षक ओवेन कॉइल होते. त्यांनी पूर्वी ब्लॅकबर्न रोव्हर्सचेही प्रशिक्षकपद सांभाळले होते. कोविड-१९ च्या साथीमुळे तो संपूर्ण हंगाम गोव्यात प्रेक्षकांविना खेळविण्यात आला. जमशेदपूर पहिल्या हंगामात आठव्या, तर दुसऱ्या हंगामात सहाव्या स्थानावर राहिला.

हैदराबाद एफ.सी. (२०२१–२२)

२०२१ साली जाधव हैदराबाद एफ.सी.मध्ये दाखल झाला. स्पेनचे मानोलो मार्केझ हे संघाचे प्रशिक्षक होते आणि तरुण भारतीय खेळाडूंना संधी देण्यासाठी ते ओळखले जात. १३ डिसेंबर २०२१ रोजी नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्धच्या ५–१ अशा विजयात जाधवनेही एक गोल केला. त्या हंगामात हैदराबादचा मध्यवर्ती आघाडीपटू नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे होता. त्याने १८ गोल करून गोल्डन बूट मिळविला.

२० मार्च २०२२ रोजी गोव्यातील फातोर्डा येथे अंतिम सामना झाला. हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स १–१ असे बरोबरीत राहिल्यानंतर हैदराबादने पेनल्टी शूटआउटमध्ये ३–१ असा विजय मिळवून प्रथमच विजेतेपद पटकाविले. जाधव या विजेत्या संघाचा सदस्य होता. त्याच महिन्यात बहरीन आणि बेलारूस यांच्याविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी भारताच्या वरिष्ठ संघात त्याची प्रथमच निवड झाली.

मैदानावरील स्थान

जाधव कुमार संघांत मध्यवर्ती आघाडीपटू म्हणून घडला. व्यावसायिक क्लबांत मात्र त्याला प्रामुख्याने बगलेवर खेळावे लागले. हा बदल त्याच्यापुरता मर्यादित नाही. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या आठही हंगामांत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू परदेशी होता. क्लब आपल्या मोजक्या परदेशी खेळाडूंपैकी किमान एकाला गोल करण्यासाठी निवडतात, कारण त्या जागेवरील यशापयश निकालावर थेट परिणाम करते. २०२१–२२ पासून एका वेळी मैदानावर उतरविता येणाऱ्या परदेशी खेळाडूंची संख्या पाचवरून चारवर आणण्यात आली. तरीही मध्यवर्ती आघाडीपटूच्या जागेबाबत क्लबांचे धोरण फारसे बदलले नाही.

बगलेवरील आघाडीपटूला वेग, चेंडू क्रॉस करण्याचे कौशल्य आणि बचावात मागे येण्याची तयारी लागते. मध्यवर्ती आघाडीपटूला गोलपेटीत जागा शोधण्याचा आणि क्षणार्धात फटका मारण्याचा सराव लागतो. हा सराव सामन्यांतूनच मिळतो. कुमार वयात गोलपेटीत खेळलेला भारतीय खेळाडू विशीत बगलेवर गेला, की राष्ट्रीय संघाला त्या जागेसाठी तयार खेळाडू मिळणे कठीण होते. सुनील छेत्रीनंतर भारताचा मुख्य आघाडीपटू कोण, या प्रश्नाच्या चर्चेत हे कारण वारंवार पुढे येते. ॲरोजसाठी पहिल्याच सामन्यात दोन गोल करणाऱ्या जाधवची पुढील वाटचाल हे त्याचे एक उदाहरण आहे.

कालपट

• २०००: कोल्हापूर येथे जन्म
• २०१७ (ऑक्टोबर): १७ वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघात समावेश
• २०१७ (नोव्हेंबर): आय-लीगमध्ये चेन्नई सिटीविरुद्ध दोन गोल
• २०१८ (ऑगस्ट): कोटिफ चषकात अर्जेंटिनाविरुद्धच्या विजयी सामन्यात सहभाग
• २०१९: जमशेदपूर एफ.सी.शी करार, इंडियन सुपर लीगमधील पहिला गोल
• २०२१: हैदराबाद एफ.सी.मध्ये प्रवेश
• २०२२ (मार्च): इंडियन सुपर लीगचे विजेतेपद, वरिष्ठ राष्ट्रीय संघात प्रथम निवड